आप्पांचं जर्मन सुतक

कंग्राळीत आमच्या शेजारी राहणारे आप्पा एका रविवारी माझ्या घरचं मटण खाईनात. म्हणाले, "आज न्हाय रं. योहानची धाकटी पोर वारली."

योहान कोण, हे आता सबंध गल्लीला ठाऊक आहे. अडीच-तीनशे वर्षांपूर्वी जर्मन मुलूख सोडून जहाजानं अमेरिकेला निघालेला विणकर. पोर वाटेतच गेली. आप्पांना ते एका जुन्या पत्रातून त्या रविवारी कळलं.

भूमापन कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा उद्योग धरला. अमेरिकेतली माणसं आपले पूर्वज शोधतात. जुन्या नोंदवह्यांचे फोटो वाचून त्यांना मदत करणारे हौशी लोक जगभर आहेत. त्यातले एक आप्पा. कचेरीत जन्मभर मोडी वाचलेली, त्यामुळं जुन्या जर्मन अक्षरांपुढं ते डगमगले नाहीत. जर्मन बोलता मात्र अजिबात येत नाही. "मेलेली माणसं कुठं बोलत्यात? वाचाय आलं की बास."

संध्याकाळी खिडकीबाहेर भाताचं रान वाऱ्यावर हलतं आणि आप्पांच्या खोलीतून जहाजं जातात. मी तिथं बसलो की पायाखालची फरशीसुद्धा हळूहळू डुलायला लागते.

मी चळवळीची पत्रकं वाटत वाढलेला. एकदा विचारलंच, "आप्पा, गोऱ्यांचे पणजे कशाला शोधता? तिथल्या ज्या मूळ लोकांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या नोंदी कुठायत?"

"बरोबर हाय तुझं. तू त्या शोध, मी च्या पाजतो."

यंदा योहानच्या वंशातल्या मार्था नावाच्या आजीबाईंना त्याच्या बायकोचं नाव हवं होतं, स्मारकाच्या दगडावर कोरायला. जहाजाच्या यादीत फक्त सोळा वर्षांवरचे पुरुष. तीन महिने आप्पा दुसऱ्या वह्या धुंडाळत होते. शेवटी त्या धाकट्या पोरीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं नाव सापडलं, आना बार्बारा. आप्पांनी गल्लीत पेढे वाटले.

"नात झाली व्हय?" समोरच्या आक्कांनी विचारलं.

"न्हाय आक्का, आजी झाली."

त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर मार्थाबाई रडल्या. मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, तुमचं घराणं किती पिढ्या मागं सापडलं? आप्पांनी कॉल बंद केला.

"रेंज गेली," ते मला म्हणाले. रेंज पूर्ण होती.

बऱ्याच वेळानं त्यांनी संगणकावर स्वतःची वंशावळ उघडली. वडिलांच्या वर आजोबा, आजोबांशेजारी रिकामी चौकट. वडील रांगत होते तेव्हाच आजी गेली. तिचं नाव सांगणारं कुणी उरलं नाही. निपाणी, संकेश्वर, सगळीकडची दप्तरं आप्पांनी पालथी घातली होती. एका कागदात आजोबांचं नाव होतं, जात होती आणि पुढं लिहिलं होतं, 'बाई एक'.

माझं डोकं तापलं. "कुठलंही चांगलं नाव लिहा आप्पा. कोण विचारायला येतंय?"

"पुराव्याबिगर न्हाय लिहायचं. मग ती दुसऱ्याच कुणाची तरी आजी हुईल."

चौकटीत उभी रेघ उघडझाप करत होती.

"मग उघडता कशाला?"

"रोज जरा बसतो हितं," आप्पा म्हणाले. "तिला भेटायला दुसरी जागा न्हाय."