क्रोक पार्काचे एका तिकिटाची मोहीम

श्री. वर्तमान ऐसे जे, पश्चिम समुद्रात आयर्लंड म्हणोन बेट आहे, तेथे गवत उदंड, मेघ बारमाही चाकरीस हजर आणि लोक बोलके. त्या मुलखी मेनूथ म्हणोन विद्यापीठाचे गाव, तेथे राजमान्य राजश्री उपेंद्रपंत मिरजकर संगणकाचे कारखान्यात चाकरी करोन, कुटुंब सुचित्राबाई यांसह भाड्याचे घरी नांदत होते. त्यांनी क्रोक पार्काचे एक तिकीट कैसे हस्तगत केले, ती हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे. पदरचे काही घातले नाही. घातले असेल तर शोभेपुरते.

ते समयी उपेंद्रपंतांचे तीर्थरूप राजश्री दत्तात्रयपंत मिरजेहून तीन महिन्यांचे मुक्कामास आले होते. उमर पंचाहत्तर, कंबर ताठ, जबान तिखट. मातुश्री निवर्तल्यापासोन मिरजेचे घरी तीर्थरूप एकटे, म्हणोन चिरंजीवांचे मनी ऐसे की दरसाल उन्हाळ्यात त्यांस इकडे आणावे आणि तीन महिने तरी नजरेसमोर ठेवावे. परंतु उपेंद्रपंत दिवसभर मीटिंगांचे रणात गुंतलेले, आणि तीर्थरूप खिडकीत बसोन शेजाऱ्याचे कुंपण न्याहाळीत, आणि शेजारी भेटला तर हवेखेरीज दुसरे बोलणे नाही. मग दुसरे महिन्यातच त्यांनी फर्मान काढिले. ''घड्याळाकडे बघत बसायला मी मिरजेतही मोकळा आहे. एकदा पाहिलं, झालं. पुन्हा काही माझं येणं नाही.'' उपेंद्रपंत वरकरणी 'बघू' म्हणाले आणि पुन्हा मीटिंगीत शिरले.

मग एके रविवारी दूरचित्रवाणीवर हर्लिंग नामे या मुलखीचा खेळ लागला. त्याची रीत ऐसी की दोही बाजूंस पंधरा पंधरा असामी, हाती रुंद पात्याचे दांडू, आणि चेंडू ऐसा उडे की नजर ठरेना, आणि दांडू ऐसे फिरत की पाहणाऱ्याने आपले गुडघे सांभाळावे. तीर्थरूप खुर्चीचे कडेस सरकले, चहा गार जाहला, आणि शेवटास मोठे खुशीने निवाडा दिला की हा तर विटीदांडूच, फक्त या लोकांनी विटी गोल केली आहे. बाळपणी विटीने त्यांचा एक दात नेला होता, ती जागा त्यांनी सुनेस दाखविली. तेथोन दर रविवारी त्यांची स्वारी टीव्हीसमोर मुहूर्तावर हजर. अखेरचा सामना जुलैत, राजधानी डब्लिनात, क्रोक पार्क नामे मैदानाचे कोटात. आणि तीर्थरूपांचे विमान त्याचे दुसरे दिवशी. सहज बोलावे तैसे बोलले, ''तेवढं एक प्रत्यक्ष पाहिलं असतं.'' तीन महिन्यांत त्यांनी मागितले ते इतुकेच. उपेंद्रपंतांनी मनोमन शपथ वाहिली की हे साधले तर ते पुन्हा येतील, न साधले तर मुलूख त्यांचे मनातून कायमचा उतरला.

परंतु अखेरचे सामन्याची तिकिटे बाजारी मिळत नाहीत. तो खजिना गावोगावचे क्लबांचे हाती, आणि ज्याचे आजे-पणजे क्लबात राबले त्याचा हक्क आधी, हा तेथील शिरस्ता. उपेंद्रपंतांनी मेनूथचे क्लबाकडे अर्जी केली, चिटणिसांनी नाव लिहोन घेतले, आणि त्या नावाचे वर शंभर नावे होती. मग डून लेरी गावचे मित्र अभिजितराव यांसी खलबत केले. त्यांनी मसलत दिली की सामन्याचे दिवशी कोटाभोवती दलाल फिरतात, रोकड घेवोन जावे आणि घासाघीस करावी. हे ऐकोन सुचित्राबाईंनी हुकूम बजाविला की छापिले किमतीवर चढे दराने तिकीट विकणे या मुलखी गुन्हा आहे, तस्मात चोरीचे मालास हात लावू नये, सासऱ्यांस पोलिसांचे गाडीत बसविण्याची हौस नाही. उपेंद्रपंतांनी हुकूम मस्तकी धरिला आणि रोकड खिशात घातली.

सामन्याचे दिवशी पितापुत्र मेनूथहून आगगाडीने कूच करोन ड्रमकाँड्रास उतरले. रस्ते माणसांनी तुंबलेले, एक फौज निळी-पिवळी टिपररीकरांची, दुसरी किरमिजी गॉलवेकरांची, परंतु दोन्ही फौजा एकाच गाडीवरचे बटाटे खात चालिल्या होत्या. पुलापाशी टोपीवाला दलाल दबले आवाजी पुकारीत होता की कोणास घेणे आहे, कोणास देणे आहे. उपेंद्रपंतांनी एक तिकीट मागितले, त्याने फोनात चित्र दाखविले आणि दाम ऐसा सांगितला की तीर्थरूपांस आकडा कळला नाही तरी चिरंजीवांचे तोंड पाहोन कळला. उपेंद्रपंतांचा हात खिशाकडे गेला. सुचित्राबाईंचा हुकूम आठवला, तरी गेला. मग शहाणपण सुचोन म्हणाले की दरवाजापर्यंत सोबत चला, तीर्थरूप आत गेले की रोकड मोजतो. दलाल 'हो' म्हणाला आणि दहा पावलांत गर्दीत विरघळला. तेथोन उपेंद्रपंतांस प्रत्येक माणूस दलाल दिसो लागला.

तो कोटाचे भिंतीशी एक म्हातारा उभा, निळी-पिवळी टोपी, बूट शेणाने माखलेले, हाती फोन. नाव डोनल, टिपररी प्रांतीचा गाईवाला. तो आपण होवोन तीर्थरूपांजवळ आला आणि विचारता जाहला की तिकीट आहे काय, कारण आपले फोनात दोन आहेत आणि माणूस एकच आहे. उपेंद्रपंतांनी ओळखिले की हा दलाल मुरलेला. मोठे सावधपणे छापिले किमतीचा बोल दिला.

डोनल म्हणाला, ''यू आर ग्रँड.''

आता या मुलखीचा ग्रँड हा शब्द मोठा मायावी, होकारासही तोच, नकारासही तोच. कचेरीत चहा विचारिला आणि समोरचा ग्रँड म्हणाला तर त्यास चहा नको, इतुके उपेंद्रपंत पक्के शिकले होते. तस्मात त्यांनी जाणिले की बोल नामंजूर. मग दहा युरो चढविले. डोनल पुन्हा ग्रँड. मग वीस चढविले. डोनलने दोन्ही हात हलविले, मान हलविली, ग्रँड ग्रँड म्हणाला, आणि उपेंद्रपंतांचे कपाळी घाम, आणि आत बँड वाजो लागला, आणि त्यांनी सारी रोकड काढोन म्हाताऱ्याचे छातीस लाविली. ऐसा लिलाव त्या कोटाभोवती पूर्वी जाहला नसेल, ज्यात बोलणाराही एक आणि त्यावर चढणाराही तोच.

नोटा दिसताच पोलिसीणबाई दाखल जाहली. तिने डोनलास कडक सवाल केला की चढे दराने विकतोस काय. म्हाताऱ्याचा चेहरा लाल जाहला, फोन खिशात गेला, आणि त्याने पाठ फिरविली. त्या पाठीसोबत तीर्थरूपांचा पुढला उन्हाळाही चालिला, हे उपेंद्रपंतांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले. मग मानमरातब सोडोन आडवे धावले आणि पोलिसीणबाईंस कबुली दिली की त्याने दाम मागितलाच नाही, चढवीत होतो तो मीच, बाप उद्या जातो आणि त्यांस हे दाखविणे आहे. बाईने नोटांकडे बोट केले. मग उपेंद्रपंतांस सावकाश समजाविले की पैसे राहो देत, ऐसे तो मघापासोन सांगतो आहे. तो तिकीट देतो आहे, विकत नाही.

डोनल परतला. मग तुटक बोलला की चाळीस वर्षे अखेरचे सामन्यास भाऊ टॉम शेजारी बसे, टॉम मार्च महिन्यात गेला, क्लबाने शिरस्त्याप्रमाणे दोन तिकिटे धाडिली, आणि मोकळी खुर्ची आपणास पाहवणार नाही. उपेंद्रपंतांनी मराठीत सांगितले. तीर्थरूपांनी डोनलाचे दंडास हात लाविला. तिकिटे दोन्ही एकाच फोनात, तस्मात दोघांनी जोडीनेच आत जाणे प्राप्त. एकास मराठी येत नाही, दुसऱ्यास त्याचे इंग्रजी कळत नाही, तरी दोघे म्हातारे हातवारे करीत दरवाजातोन गेले, आणि उपेंद्रपंत बाहेर राहिले.

पुढील युद्ध उपेंद्रपंतांनी एका घराचे कुंपणावर बसोन कानांनी पाहिले. आत गर्जना उठे तेव्हा ते उभे राहत, कोणाचा गोल ते न कळोन पुन्हा बसत. मनी एकच घोर की तीर्थरूपांस जिने झेपले असतील ना. तीन महिन्यांत इतुका वेळ त्यांनी बापाचा विचार केला नव्हता, हेही त्या कुंपणावर ध्यानी आले आणि वाईट वाटले.

संध्याकाळी फौजा बाहेर पडल्या. टिपररी हरली होती. डोनलाची टोपी तीर्थरूपांचे मस्तकी होती, आणि डोनल बोट लावोन त्यांचे पडले दाताची जागा तपासीत होता, आणि आपली एक जागा दाखवीत होता. निरोपाचे वेळी डोनलाने विचारिले की पुढले वर्षी हीच खुर्ची काय.

उपेंद्रपंत तर्जुमा करावयास तोंड उघडतात तो तीर्थरूप परस्पर म्हणाले, ''ग्रँड.''

डोनल हात हलवीत गर्दीत गेला. उपेंद्रपंतांनी भीत भीत विचारिले की या शब्दाचा अर्थ आपण काय केलात. तीर्थरूपांनी टोपी नीट केली.

''अर्थ काय करायचाय? पुढच्या जुलैचं विमान बघून ठेव. त्याचा भाऊ गेलाय रे. एवढ्या गर्दीत एकटा कसा बसेल तो?''

उपेंद्रपंतांनी मान खाली घालोन 'जी' म्हटले.

येणेप्रमाणे क्रोक पार्काची मोहीम फत्ते जाहली. टिपररीचा मोड झाला तो दप्तरी वेगळा लिहिला जाईल. उपेंद्रपंतांनी सामन्याचा एक चेंडू पाहिला नाही, तरी फत्ते त्यांचेच नावे दाखल केली असे. साक्ष ड्रमकाँड्राचा पूल. शाई वाळली, कलम खाली ठेविले.