ठिणगी, भिंगरी आणि लोखंडी कपाट

कोचनी विचारलं तेव्हा काटेवाल्यांनी नुसतं "बघतो" म्हटलं असतं, तरी त्यांच्या कपाळावरचं टेंगूळ टळलं असतं. पण बायकोच्या बॉक्सिंगचा विषय निघाला आणि काटेवाले "बघतो" म्हणून गप्प बसले, असं आजवर कधी झालेलं नाही.

काटेवाले म्हणजे वजनमाप खात्यातले निरीक्षक. दुकानादुकानांतून तराजू तपासायचे, खरा असला तर शिक्का मारायचा, खोटा असला तर दुकानदाराच्या सगळ्या सबबी शांतपणे ऐकून घेऊन मग दंड करायचा, हे त्यांचं काम. घरीसुद्धा भाजीची पिशवी हातात धरून ते "शंभर ग्रॅम कमी आहे" असं म्हणत. (त्यावर बायको म्हणे, "वाटेत एक गाजर खाल्लं मी. करा दंड.")

ही बायको म्हणजे कधीकाळची एक्कावन्न किलो गटातली नामांकित बॉक्सर. रिंगमध्ये तिला ठिणगी म्हणत. आणि त्यांच्याच बिल्डिंगमध्ये, एक मजला खाली, घड्याळदुरुस्तीवाले राहत. त्यांची बायको त्याच गटातली भिंगरी. ठिणगी पुढे घुसून मारायची, भिंगरी हाताला लागायचीच नाही. दोघी आता एकाच हॉलमध्ये मुलींना शिकवत, एकाच स्कूटरवरून जात आणि वाटेत एकमेकींच्या नवऱ्यांच्या तक्रारी ऐकून पोट धरून हसत. वैर होतं ते फक्त नवऱ्यांचं.

तर झालं असं, की हॉल नवा रंगवला आणि रिंगच्या वरच्या भिंतीवर एका मोठ्या फोटोची जागा निघाली. कोचनी दोघींना विचारलं. ठिणगी म्हणाली, "तिचा लावा." भिंगरी म्हणाली, "छे, तिचाच." कोच वैतागले आणि नवऱ्यांकडे आले.

"तुम्हा दोघांना त्यांची सगळी रेकॉर्ड्स तोंडपाठ आहेत. रविवारी मी फोटो न्यायला येईन. तोवर ठरवा."

"त्यात ठरवायचं काय?" काटेवाले म्हणाले.

"तेच म्हणतो मी," घड्याळवाले म्हणाले.

दोघेही खूश झाले, कारण प्रत्येकाला वाटलं की समोरच्याने हार मानली. काटेवाल्यांना तर तो फोटो भिंतीवर दिसायलाच लागला. बायकोने जिंकलेले सगळे कप वीस वर्षं त्यांच्या घरातल्या लोखंडी कपाटावर धूळ खात होते. शेजारपाजारचे लोक तिला "काटेवाल्यांच्या मिसेस" म्हणून ओळखत, आणि हे काटेवाल्यांना मनापासून खुपत असे. त्यांच्या मते खरं तर लोकांनी त्यांना "ठिणगीचे मिस्टर" म्हणायला हवं होतं. निदान हॉलमध्ये येणाऱ्या मुलींनी तरी मान वर करून तिच्याकडे बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

रविवारी सकाळी बायका हॉलवर गेल्या आणि घड्याळवाले वर आले.

"एकसष्ट लढती, चौपन्न विजय," काटेवाल्यांनी दार उघडता उघडताच सुरुवात केली. "तुमच्याकडे किती? चाळीस!"

"चव्वेचाळीसपैकी चाळीस. आमच्या घरी पराभव चार, तुमच्या घरी सात."

"जास्त लढलं की जास्त हरणारच. घरी बसणारा कधीच हरत नाही."

"घरी कोण बसलं होतं? परदेशात जाऊन पदक आणलंय तिने!"

"ब्राँझ," काटेवाले म्हणाले. (हे म्हणताना त्यांनी चहाचा कप घड्याळवाल्यांपासून थोडा लांब सरकवला.)

शेवटी गाडी आली ती समोरासमोरच्या लढतींवर. ठिणगी आणि भिंगरी एकमेकींशी दोनदाच लढल्या होत्या. पहिली ठिणगीने जिंकली, दुसरी भिंगरीने. म्हणजे बरोबरी. पण घड्याळवाल्यांचं म्हणणं असं, की पहिल्या लढतीत शेवटच्या राऊंडची घंटा उशिरा वाजली आणि ठिणगीने जो पॉइंट मिळवला तो वेळ संपल्यावर. आणि काटेवाल्यांचं म्हणणं असं, की दुसऱ्या लढतीआधी ज्या काट्यावर वजन झालं त्या काट्यावर खात्याचा शिक्काच नव्हता. भिंगरी त्या दिवशी नक्की जड होती.

"माझी बायको? जड?" घड्याळवाले उठून उभे राहिले.

"काटा खोटा होता, एवढंच म्हणतोय मी."

"आणि ती घंटा? मी स्वतः घड्याळ लावून बसलो होतो!"

"मग होऊन जाऊ दे," काटेवाले म्हणाले. "ती दुसरी लढत इथेच परत खेळून बघू. मी ठिणगी, तुम्ही भिंगरी. दोघींचे सगळे ठोसे मला पाठ आहेत. ते वजन खरं होतं की खोटं ते आत्ता कळेल."

शहाण्या माणसाने इथे चहा संपवून घरी जायचं असतं. घड्याळवाले खाली गेले आणि टायमर घेऊन परत आले.

चार खुर्च्या मांडून दोरी बांधली गेली. सगळं रीतसर व्हावं म्हणून काटेवाल्यांनी आधी वजन केलं, स्वतः शिक्का मारलेल्या काट्यावर. घड्याळवाले चौसष्ट भरले. काटेवाले एक्क्याऐंशी. एक्कावन्न किलो गटाची लढत आहे याची आठवण दोघांनीही एकमेकांना करून दिली नाही. बायकोचे ग्लोव्ह्ज काटेवाल्यांच्या हातात अर्धेच गेले आणि हेडगार्ड डोक्यावर टोपीसारखं बसलं.

"इथे तुमची बायको मागे सरते," घड्याळवाले म्हणाले.

"मागे सरत नाही. जागा करते."

"बरं, जागा करा. आता मी दोन जॅब मारतो."

"एकच मारला होता तिने."

"दोन! एक तुमच्या बायकोला दिसला नाही."

हे मात्र काटेवाल्यांच्या वर्मी लागलं. टायमर टिकटिकत होता, डोळ्यांपुढे वीस वर्षांपूर्वीची रिंग उभी राहिली, आणि ठिणगीचा तो प्रसिद्ध डावा हुक त्यांच्या अंगात शिरला. ते पुढे झेपावले. आता, घड्याळवाले भिंगरीची भूमिका इमानेइतबारे करत होते. हुक आला की भिंगरी काय करायची? बाजूला व्हायची. तेही झाले.

काटेवाले दोरीसकट, एका खुर्चीसकट, थेट लोखंडी कपाटावर गेले. कपाट जागचं हललं नाही. हलले ते कपाटावरचे कप. आधी जिल्ह्याचा आला, मग राज्याचा, मग सगळ्यात मोठा, दोन कानांचा, तो नेमका कपाळावर. काटेवाले कपाटाला टेकून घसरत खाली बसले आणि मग सावकाश आडवे झाले.

"एक," घड्याळवाले टायमरकडे बघत म्हणाले. (सवयीचा माणूस.) "दोन..."

सातावर दार उघडलं. दारात ठिणगी, भिंगरी आणि फोटो न्यायला आलेले कोच. कुठेतरी मोबाइलचा खटका वाजला, पण तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. ठिणगीने सरळ येऊन गुडघे टेकले, नवऱ्याच्या डोळ्यांपुढे बोटं धरली, ती त्याला मोजायला लावली आणि मग विचारलं, "गार्ड खाली होता ना? हात तोंडासमोर नव्हते?"

"हो," काटेवाले म्हणाले. त्यांच्या छातीवर तो मोठा कप होता आणि त्याच्या काठाला चांगला पोचा आला होता. त्यांनी ग्लोव्ह त्या पोच्यावरून फिरवला. "तुझा कप बिघडवला मी. तुझा फोटो लागावा म्हणून... त्या काट्यावर शिक्का नव्हता गं."

"अहो, काटा बरोबर होता," ठिणगी म्हणाली. "मी हरले. तिने छान हरवलं मला. माझी सगळ्यात चांगली लढत आहे ती, आणि तुम्ही वीस वर्षं त्या काट्याच्या मागे लागलात."

"आणि घंटाही वेळेवर वाजली होती," भिंगरी आपल्या नवऱ्याला म्हणाली. "टायमर बंद करा आता."

"मी हरले" हे शब्द ठिणगीने कपाळाला आठी न घालता उच्चारले होते, आणि या बाईशी आपलं लग्न झालंय याचा काटेवाल्यांना एवढा अभिमान वाटला की कपाळ ठणकत असूनही त्यांना हसू आलं.

"चौपन्न विजयांपैकी एकाही दिवशी माझ्यासाठी कोणी कपाटाशी लढलं नव्हतं," ठिणगी म्हणाली आणि तिने तो पोचा आलेला कप गळ्यातल्या टॉवेलने पुसून कपाटावर सगळ्यांत पुढे ठेवला.

पुढच्या रविवारी हॉल उघडला. रिंगच्या वर एकच फोटो होता, दुसऱ्या लढतीचा. ठिणगीचा डावा हात हवेत, भिंगरी केसभर अंतराने निसटलेली, आणि दोघींच्या चेहऱ्यावर एकच जिद्द. समोर मुली माना वर करून बघत होत्या. काटेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. शेजारी घड्याळवालेही तेच करत होते.

मग ते दाराकडे वळले आणि थबकले. चपला काढायच्या जागेवर, नव्या मुलींच्या डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर, दुसरा एक फोटो लावला होता. त्यात काटेवाले आडवे, हेडगार्ड एका कानावर, छातीवर कप. खाली कोचच्या अक्षरात लिहिलं होतं : "गार्ड खाली सोडला की असं होतं."

"मी जिंकलो, तरी फोटोत माझी नुसती चप्पल आलीय," घड्याळवाले कुरकुरले. "एक लढत, एक विजय. माझं रेकॉर्ड शंभर टक्के."

"तुम्ही जिंकलात? तुमचा हात तरी लागला का मला? मी हरलो ते कपाटाकडून!"

वाद वाढला, तेव्हा कोचना निकाल द्यावा लागला. घड्याळवाले : एकही ठोसा नाही, त्यामुळे लढत धरता येत नाही. काटेवाले : एक लढत, एक पराभव. कपाट : एक लढत, एक विजय, आणि अजून अपराजित.

काटेवाल्यांनी हा निकाल मान्य केला आहे. रोज सकाळी त्या कपाटातून टॉवेल काढायला जाताना ते आता दोन्ही हात वर ठेवूनच जातात.