दीपमालाबाईंची वेळंबी भाषेची मोहीम

औंधची आई यमाई साक्ष. जे घडले ते जैसे घडले तैसे लिहिले, पदरचा मसाला घातला नाही. विटेकर बाळासो यांची कन्या दीपमालाबाई यांनी सांगली मुक्कामी पीएचडीची मोहीम केली, तिची हकीकत ऐशीजे.

आष्ट्याचे कादंबरीकार कैलासवासी नाथाजी यांनी कृष्णेच्या डोहाखाली एक राज्य कल्पिले आणि त्यावर जाडजूड कादंबऱ्या रचिल्या आणि तेथील रयतेस वेळंबी नामे नवी भाषा विभक्ती-प्रत्ययांसह बहाल केली. मग मुलखातील कैक लेखकांनी ते पाहून आपापल्या कल्पित राज्यांस भाषा घडविल्या. वेळंबीचे व्याकरण आणि नाथाजींचा पुढील लेखकांवर बसलेला अंमल, हा बाईंनी प्रबंधाचा विषय केला.

बाळासो कोइमतुरास सोने गाळण्याचे दुकान राखून होते. त्यांनी फोनवरून विचारिले, "ती भाषा बोलत्यात कुठं?" बाईंनी अर्ज केला, की कोठेही नाही. त्यावर बाळासो, "बरं, जेवलीस का?" ऐसे पुसते जाहले.

बाईंनी नामे सर केली, क्रियापदे काबीज केली, परंतु एक ठाणे हाती येईना. कादंबऱ्यांत राजे लढत, सरदार पडत, पण वेळंबीत कोणी कोणावर रागावत नसे. सबब बाई एसटीने खाशा आष्ट्यास, नाथाजींच्या पत्नी रंगूबाई यांचे भेटीस गेल्या. रंगूबाई सोप्यात शेंगा फोडीत होत्या. बाईंनी येण्याचे कारण विदित केले आणि प्रबंधाच्या खुल्या तोंडी परीक्षेस सांगलीस येण्याची विनंतीही केली. तेव्हा रंगूबाईंची मुद्रा फिरली.

"ती भाषा म्या आन त्यांनी केली," त्या म्हणाल्या. "नवीन लगीन, घरात मानसं लय. नवराबायकूनं बोलायचं कुठं? मग त्यांनी तीच उचलून पुस्तकात घातली, समद्या मुलखापुढं मांडली. आता तुमी तिचं व्याकरन मांडा. माज्या दाराशी तिचा एक शबुद नगं."

ताकीद ऐकून बाई खजील जाहल्या आणि उठल्या आणि उंबऱ्याबाहेर पडता पडता, सवयीने, वेळंबीतला निरोप त्यांच्या तोंडून निघून गेला. त्यांनी जीभ चावली आणि मागे न पाहता स्टँडाची वाट धरिली. रंगूबाईंनी दार लोटले. परंतु कडीवर हात ठेवून त्या बराच वेळ आतच उभ्या राहिल्या. नाथाजींमागे ते शब्द त्यांनी कोणाच्या मुखी ऐकिले नव्हते.

मग परीक्षेचा दिवस उगवला. साताऱ्याहून परीक्षक डॉक्टर जयराज चाल करून आले. बाईंच्या मार्गदर्शक राजेश्वरी मॅडम यांनी शाल-श्रीफळ देऊन त्यांची सरबराई केली, तरी त्यांचा जोर कमी न जाहला. रंगूबाई मागल्या बाकावर पदर सावरून येऊन बसल्या.

जयराजांनी प्रबंध मिटला आणि फर्माविले, की ज्या भाषेत कोणी कोणास कधी रागे भरले नाही ती भाषा नव्हे, नक्षीकाम होय. सबब पदवी द्यावी कशाची? इतक्या वर्षांची मेहनत एका वाक्यात गारद जाहली, ऐसे बाईंस वाटले.

तोच मागून वेळंबी उसळली. रंगूबाई उभ्या होत्या. आरंभी रोख परीक्षकांकडे होता, मग नजर छताकडे गेली आणि आवाज बसला आणि त्या बोलत राहिल्या, आणि रागाचे शब्द नवे असले तरी प्रत्यय ओळखीचे, म्हणून सभेत एकट्या दीपमालाबाईंस त्याचा अर्थ लागत होता.

जयराजांनी अनुवाद मागितला.

"सर, क्रियापद रागाचं आहे," बाई म्हणाल्या. "ज्याला उद्देशून आहे तो एकवचनी आहे, आणि तो या हॉलमध्ये नाही. पुढचं मी सांगणार नाही."

अनुवादावाचून पुरावा ग्राह्य नाही, पदवी तहकूब होईल, ऐसा इशारा जाहला.

"होऊ दे, सर."

राजेश्वरी मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"आवं सायेब, पोरीला कशाला धारंवर धरताय?" रंगूबाई बोलल्या. "मीच सांगते. म्हनलं, बोलायला शिकवलंस आन बोलायला कोन न ठेवता निगून गेलास. जनमभर मी त्यास्नी आवं-जावं केलं. ह्या भाषेत तेवडं अरं-तुरं करत हुते. रागवायचं ते बी हितंच. ते तेवडं त्यांनी पुस्तकात घातलं न्हाई. घरचं घरात ठेवलं."

जयराजांनी चष्मा पुसला आणि शिफारशीवर सही केली.

रंगूबाईंस आष्ट्यास पोचविण्यास बाई निघाल्या आणि परतीच्या एसटीत दोघी शेजारी बसल्या. रंगूबाईंनी रागाचे शब्द एकेक शिकविले, आणि ते छापणार नाही ऐसा कौल बाईंनी आपखुशीने दिला. कंडक्टर थांबून ऐकू लागला आणि विचारता जाहला, "कानडी मुलखातल्या का वं तुमी?" रंगूबाईंनी त्यास वेळंबीतच असे काही सुनावले, की दीपमालाबाईंनी हसू दाबण्यास पदर नसल्याने ओढणी तोंडात धरिली.

एणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. वेळंबी भाषेचे बोलणारे पूर्वी एक होते, ते हल्ली दोन आहेत, हे कलमबंद केले असे.