करडईच्या तेलातले साचे

"माझ्या ताब्यातल्या लोखंडाला गंज चढला, तर केमिस्ट्रीची बी.एस्सी. विद्यापीठाला परत करीन," असं योगिता एस.टी.त चढणाऱ्या नवऱ्याला भर स्टँडवर सांगून बसली. ऐकायला पाच-पंचवीस माणसं होती. नेमकी तीच अडचण झाली.

नवरा, लखन, रबरी मासे करायचा. गळाला लावायचे, मऊ, शेपटी हलवणारे नकली मासे. मांजरा धरणावर हौसेनं गळ टाकून बसणारे वाढले, तसा केजजवळच्या त्यांच्या गावात त्याचा धंदा बरा चालू लागला होता. पातळ रबर तापवायचं, वरच्या भोकातून लोखंडी साच्यात ओतायचं, साचा पाण्यात बुडवून गार करायचा, साच्याच्या दोन अर्ध्या पाळ्या पुस्तकासारख्या उघडल्या की आत मासा. आणि पाणी लागलं की गंज भिशीच्या बायकांसारखा वेळेवर हजर.

या खेपेला गोष्ट मोठी होती. अंबाजोगाईचे विजयसिंह रविवारी पन्नास दोस्तांना घेऊन धरणावर येणार होते. मासे पसंत पडले तर वर्षभर काम, नाहीतर ते पुण्याहून मागवायला मोकळे. लखन रबर आणायला चार दिवस गेला, जाताना म्हणाला, "चारी साच्यांना इंजिन ऑइल चोपडून ठेव. एवढंच कर."

इंजिन ऑइल, आणि घरात लेक संस्कृती. संस्कृती दीड वर्षाची होती आणि जगातली प्रत्येक वस्तू तिच्या जिभेवरून तपासून जात असे. त्या आठवड्यात तिनं एक चप्पल, कोंबडीचं पीस आणि आजीची तपकिरीची डबी चाखली होती. योगिता रात्री उठून तिचा श्वास मोजायची. ती इंजिन ऑइल उंबऱ्याच्या आत कशाला येऊ देईल?

तिनं शास्त्रीय विचार केला. लोखंडाला हवा लागू द्यायची नाही, बस. मग तेल कुठलं का असेना. घरात घाण्यावरचं करडईचं तेल होतं, लेकरानं चाटलं तरी उलट अंगी लागणारं. तिनं साचे पुसले, तव्यावर तापवले, आतबाहेर तेल चोपडलं, पाळ्या मिटवल्या, बोल्ट आवळले आणि एप्रिलच्या उन्हात पत्र्यावर मांडून ठेवले.

सासूबाई, भिवराबाई, ओसरीवर शेंगा फोडत होत्या.

"योगिता, करडईचं तेल लावलंस व्हय?"

"हो आत्या. हवा लागली नाही की गंज धरत नाही."

"असं हाय का," म्हणून भिवराबाईंनी पुढची शेंग फोडली.

दुसऱ्या दिवशी योगितानं पत्र्यावर चढून पाहिलं. साच्यांवर तांबूस झाक. तिनं तेलाचा दुसरा हात दिला. तिसऱ्या दिवशी झाक गडद झाली. तिनं तिसरा हात दिला, वरच्या भोकातूनही वाटी वाटी तेल सोडलं. नखानं खरवडून पाहिलं तर तो गंज चिकट लागला. चिकट गंज तिच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता, म्हणजे प्रकरण भलतंच गंभीर होतं. ओल आत शिरली असणार असं ठरवून तिनं चारी साचे मंद आचेवर तासभर ठेवले.

"तेल जरा जास्तीच व्हतंय," भिवराबाई म्हणाल्या. "माणसाच्या भाजीत तर थेंब मोजून टाकतीस."

"आत्या, हे सायन्स आहे."

"बरं बाई."

शुक्रवारी लखन परतला. साचे पितळेसारखे झळकत होते. त्यानं खुशीत बोल्ट काढले, पाळीला बोट लावलं, मग दोन्ही हात लावले, मग एक पाय लावला. साचा मिटलेला तो मिटलेलाच.

"योगिता, काय लावलंस गं ह्याला?"

"तेल."

"तेलानं उघडतं. हे वेल्डिंग केल्यावानी बसलंय."

शेजारचा बंकट पाना आणि हातोडा घेऊन आला. तासाभरानं पान्याचा दांडा वाकला, बंकटचा अंगठा सुजला.

"लखन, एक मात्र हाय बे," तो अंगठा चोखत म्हणाला. "आता ह्याला गंज लागायची भीती न्हाई. आत जाईल कुठून?"

लखननं कपाळ धरलं. "परवा इतवार. विजयसिंहरावांना काय सांगू, बायकोनं मासे आत कोंडले?"

योगिता संस्कृतीला कडेवर घेऊन उभी होती. तिला रडू येत होतं, आणि पोरगी मात्र जीभ काढून साच्याकडे झेपावत होती.

तेव्हा भिवराबाई उठल्या. "धुण्याचा सोडा टाका पाण्यात अन् उकळा. तळणाच्या कढईचा काठ कसा चिकाट व्हतोय? करडईचं तेल तापलं की तांबूस डिंकच. मी दर दिवाळीला सोड्यानंच काढते."

"आत्या, तुम्हाला पहिल्याच दिवशी माहीत होतं?"

"व्हय की."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बी.एस्सी. हायस. मी म्हनलं, सायन्समधी चिकटत नसंल."

दोन तास हंडा खदखदला. चौथा साचा सुटला तेव्हा बंकटनं चहा मागितला, लखननं आईचे पाय धरले, संस्कृतीनं सोड्याची रिकामी पुडी पळवली आणि सगळं घर तिच्या मागं धावलं. या गडबडीत साचे कोरडे करायचे राहून गेले. रात्रभर ते परातीत ओलेच पडले होते.

सकाळी चारी साच्यांवर गंज होता. या खेपेला चिकट नव्हता, चांगला भुरभुरीत, खरा होता.

घासत बसायला वेळ नव्हता. लखननं वरवर पुसून रबर ओतलं. मासे निघाले ते देवी आल्यासारखे, अंगभर तांबडे ठिपके घेऊन. रविवारी त्यानं खाली मान घालून पिशवी पुढं केली. विजयसिंहांनी एक मासा उन्हात धरला, बराच वेळ फिरवला.

"ठिपके कसे काढले? अगदी जित्या माशावानी दिसतंय. पुढच्या इतवारी आणखी शंभर आणा. पण असेच. ठिपके न्हाई तर मला नकोत."

लखन घरी आला तेव्हा योगिता ओसरीवर घामाघूम बसली होती. दिवसभर खपून तिनं चारी साचे पॉलिशपेपरनं आरशासारखे लख्ख केले होते, इंजिन ऑइल लावून, फडक्यात गुंडाळून, संस्कृतीच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर टांगले होते. गंजाचा कण म्हणून शिल्लक नव्हता.

लखननं निरोप सांगितला. योगितानं टांगलेलं गाठोडं खाली काढलं.

"आत्या," योगिता म्हणाली, "आता गंज कसा आणायचा?"

भिवराबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला.

"हे मातर तुझ्या सायन्सवाचून जमतंय बघ."