डोळ्यास बाधा

"दसऱ्याले एकबी यंत्र बिनकुंकवाचं राहू देऊ नोको, सूनबाई. यंत्र रुसते."

हे माझ्या सासूबाईंचं, देवकाबाईंचं वाक्य. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण परिपत्रक रद्द झालेलं नाही. रोज तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय आणि दिवसभर खोटं बोलायचं नाही, हे माझे तीन नेम. दसऱ्याचं कुंकू हा वार्षिक.

१९८६ साली हिंगणीच्या आमच्या बियाणे संघात जीपच्या गॅरेजला विजेवर चालणारं दार बसलं. आमचे हे, वासुदेवराव, संघाचे सचिव. आमचं क्वार्टर गॅरेजला लागूनच. दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एकेक काचेचा डोळा. दोघांनी एकमेकांकडे पाहत राहायचं. मध्ये कोंबडी आली की खाली येणारं दार परत वर जाणार. ही नजरानजर जुळवायला बसवणाऱ्याला तीन दिवस लागले. आमचं लग्न एका दुपारी जुळलं होतं. रिमोट दोन. सुरक्षेच्या दृष्टीने एक तिजोरीत मोहरबंद, दुसरा जीपमध्ये, आणि जीप गॅरेजमध्ये.

दसऱ्याला मी वजनकाटा, टाइपरायटर, जीप, दार सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. डोळा नाजूक, त्याला दृष्ट लागायला नको, म्हणून काचेवर ओल्या कुंकवाचा चांगला अंगठाभर टिळा लावला.

संध्याकाळी दार हातभर खाली आलं आणि परत वर गेलं. नंतरही तेच.

समिती नेमली गेली: हे, अध्यक्ष बबनराव आणि भांडारपाल बंडूजी. माहितीपुस्तकाच्या मराठी अनुवादात लिहिलं होतं, 'डोळ्यास बाधा आल्यास दार मिटत नाही.'

"बाधा," बबनराव हळूच म्हणाले, "पन कोनाची?"

दारापुढे लिंबू कापलं गेलं. दोन्ही डोळ्यांना समितीतर्फे आणखी एकेक बोट कुंकू लागलं. कुंकू सगळ्यांनी पाहिलं. दसऱ्याला ते सगळ्याच यंत्रांवर असतं, म्हणून कोणालाच दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी गॅरेजपुढे झाडताना मी वाकले आणि काचेवर माझ्याच अंगठ्याचा ठसा पाहिला. कळायचं ते कळलं. पुसायला हात गेला, पण सवाष्णीने कुंकू पुसायचं कसं? सांगावं, तर कोणी विचारलं नव्हतं. खोटं मी बोललेच नाही.

मग लेखी आदेश निघाला: 'दार बंद होईपर्यंत दाराचे काम चौकीदार पुनाजी यांनी करावे.' पुनाजीने उंबरठ्यावर घोंगडी अंथरली आणि दार होऊन बसला. आठव्या दिवशी नागपूरहून इंजिनियर आले. कमरेचं दुखणं असल्याने त्यांनी उभ्यानेच पाहणी केली. अहवाल आला: 'दोन डोळ्यांच्या मध्ये एक इसम बसलेला आढळला. बाधा निश्चित. सदर इसमास हटवावे.'

दारातून की नोकरीतून, हे नमूद नव्हतं. समितीने सुरक्षित अर्थ घेतला आणि दुसऱ्या दिवशी चारची मीटिंग ठरवली.

त्या सकाळी पुनाजी स्वयंपाकघराच्या दाराशी आला.

"बाई, मले दार म्हनूनच बसवलं ना? मंग दार बंद होत नाई म्हनून मलेच काऊन काढून राह्यले?"

"मी सांगते साहेबांना."

"सांगजा बरं. तुमी खोटं बोलत नाई, साऱ्या गावाले ठाव हाय."

जेवताना हे म्हणाले, "तू काऊन गप्प हायेस? काई बोलाचं हाय का?"

"संकष्टी आहे आज," मी म्हणाले.

खरंच होती. खरं बोलण्याचा नेम तुम्हीही पाळत असाल. नेमका प्रश्न कोणी विचारत नाही तोवर तो फार सोपा असतो. आणि विचारलाच, तर तिथी असतेच काहीतरी.

तुळशीला पाणी घातलं होतं, अध्यायही झाला होता. राहिला होता तो तिसरा.

चारला ऑफिसात खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. मी देवघरातला कुंकवाचा करंडा पुरावा म्हणून पदराखाली घेतला, वर एक ओलं फडकं. पुनाजी उंबरठ्यावर बसलेलाच होता. मी आधी त्याच्या एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वाकून दोन्ही काचा पुसल्या. त्याने काचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि घोंगडी उचलून तो बाजूला झाला.

मी ऑफिसची पायरी चढले.