सोपी वाट कुणी अवघड केली?

गरुडाची नजर, कोल्ह्याची अक्कल आणि गिऱ्हाइकाला नुसतं बघून बनियनचं माप सांगण्याची सिद्धी, ही तिन्ही मदनलाल या एकाच देहात नांदतात. देह ऐसपैस असल्याने जागेची अडचण येत नाही. अमळनेरात मला लोक होजियरीवाला समजतात. ते माझं वेषांतर आहे; आतून मी गुप्तहेर.

गुरुवारी माझे जुने गिऱ्हाईक हिलालआबा लंगडत दुकानात शिरले. माझा भाचा संयम लोकांना सातपुड्यात फिरायला नेतो. चोपड्याच्या पुढे एका डोंगराच्या पायथ्याशी त्याने पाटी लावली होती : ‘सोपी वाट.’ आबा पाटीवर विश्वासून एकटेच चढून आले होते.

‘‘मदनशेठ, सोपी कसानी? बठ्ठा चढ शे!’’ सगळी वाट चढाचीच असल्याचा पुरावा म्हणून आबांनी पुरीसारखे फुगलेले गुडघे दाखवले.

मी हादरलो. कारण येत्या रविवारी माझ्या पत्नीचं, कुसुमलताचं, अख्खं भजनी मंडळ त्याच वाटेने जाणार होतं. त्यातली सर्वांत तरुण सभासद आजी होऊनही जुनी झाली होती.

मी तडक घटनास्थळी गेलो. पहिल्या वळणावर मला धाप लागली, दुसऱ्यावर सिद्धांत सुचला : पाटीवर मुळात ‘सोपी नाही’ असं होतं, ‘नाही’ बकरीने खाल्लं. पण पाटी पत्र्याची होती, हे आठवलं. मग शत्रूने पाट्यांची अदलाबदल केली असावी; पण दुसरी पाटीच नव्हती. शेवटी चोपडा तालुक्यात पृथ्वी माणसाला जरा जास्त ओढते, हे मी बसल्या बसल्या सिद्ध केलं. उठता येत नव्हतं, हाच पुरावा.

शनिवारी संयमला दुकानात कोंडलं. ‘‘बोल! कुणासाठी काम करतोस?’’

‘‘मामा, मी काय केलंय?’’

तेवढ्यात कुसुमलता चहा घेऊन आली. ‘‘काय रे संयम, ती वाट तू चढलास किती वेळात?’’

‘‘चढलो कुठे, मामी? मागच्या रस्त्याने जीपने वर गेलो, चालत खाली आलो. एकदम सोपी आहे.’’

कुसुमलताने त्याच्यापुढचा चहा मागे ओढला.

‘‘अरे, चढ किती, मुरूम निसटता आहे का, सावली-पाणी कुठे, चालणार कोण, हे बघून सोपी म्हणायचं की तुझे पाय तरणे म्हणून?’’ कुसुमलताने विचारलं. संयमने त्याच संध्याकाळी जाऊन पाटी रंगवली : ‘चढायला अवघड, उतरायला सोपी.’

रविवारी मंडळ जीपने वर गेलं आणि टाळ वाजवत खाली उतरलं. पायथ्याशी आबांनी मला विचारलं, ‘‘शेठ, मंग केस कोनी सोडवी?’’

मी गंभीरपणे म्हणालो, ‘‘आबा, आरोपीला बायकोच्या चहापर्यंत आणणं, यालाच तपास म्हणतात.’’