कर्मचारी क्रमांक तीन

डोंगरकड्याचे वैजनाथराव सहा वर्षं हिंगोलीला शेळी-मेंढी नोंदणी अभियानात होते. जिल्ह्यातली शेवटची शेळी मोजून होईतो पहिल्या शेळीची करडं आजी-आजोबा झाली होती. तेव्हा अभियान यशस्वी झाल्याचं जाहीर करून ते बंद करण्यात आलं. कार्यालयानं वैजनाथरावांना नारळ दिला आणि ज्यात ते शेळ्या भरत तो लॅपटॉपही दिला. रीतसर पत्र देऊन, खाजगी वापरासाठी.

लॅपटॉप अगदी वेळेवर घरी आला. येत्या सोमवारी अकराला त्यांच्या मुलीची, प्रतिक्षाची, पुण्याच्या एका कंपनीत मुलाखत होती. ती घरबसल्याच द्यायची होती, पण मोबाइल चालणार नाही, लॅपटॉपच पाहिजे अशी अट होती. आधीच्या दोन मुलाखती पोरीनं शेजाऱ्याच्या मोबाइलवर दिल्या होत्या, आणि दोन्ही वेळा ऐन उत्तराच्या मध्यात शेजाऱ्याच्या सासुरवाडीचा फोन आला होता. या खेपेला काहीही झालं तरी पोरीची संधी हुकू द्यायची नाही, असं वैजनाथरावांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"बाबा, आधी ह्यातल्या शेळ्या काढा," प्रतिक्षा म्हणाली. "सगळं पुसून कोरं करून घेऊ."

वैजनाथरावांनी बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली : 'सदर यंत्र कार्यालयीन सेवेत आहे. सेवामुक्तीशिवाय पुसता येणार नाही.'

वारंगा फाट्यावर गुलाबचंदचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला. "काका, बिघाड काहीच न्हाई. ह्याला वाटून राहिलं, आपण अजून नोकरीवर आहो. हापिसातून नाव कमी करून आणा, पाच मिनिटांत कोरं करून देतो."

बुधवारी वैजनाथराव लॅपटॉप काखोटीला मारून हिंगोलीला गेले. कार्यालयातले कारकून शिवहार भाऊसाहेबांनी साहित्याची नोंदवही काढली. तिच्यात लॅपटॉप नव्हता. मग त्यांनी दुसरी वही काढली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"सापडलं. हे साहित्यात न्हाई, आस्थापनेवर आहे."

"म्हंजी?"

"योजनेत तीन माणसं मंजूर होती, यंत्र मंजूर न्हवतं. मग तिसऱ्या माणसाच्या जागी यंत्र घेतलं. कर्मचारी क्रमांक तीन. तुमी दोन."

"पण घरी न्या म्हणून तुमीच पत्र देलं ना?"

"न्या की! एक कर्मचारी दुसऱ्याच्या घरी पाहुणा जातोच. पुसायचं म्हणसाल तर मात्र आधी निवृत्त करावं लागंल."

निवृत्तीचं वय अठ्ठावन्न, लॅपटॉप सहा वर्षांचा. तेव्हा स्वेच्छानिवृत्ती हाच मार्ग उरला. त्यासाठी कर्मचाऱ्याचा स्वहस्ताक्षरातला अर्ज हवा. शिवहार भाऊसाहेब मनानं चांगले. प्रिंटरमधून निघालेला अर्ज हे यंत्राचं स्वहस्ताक्षर समजण्यात यावं, असा शेरा त्यांनी स्वतः मारला. अर्जातलं कारण : 'घरगुती'. गुरुवारी गुलाबचंदनं वैद्यकीय दाखला दिला : बॅटरी अशक्त, बाकी प्रकृती उत्तम. आता फक्त निरोप समारंभ राहिला होता. तो झाल्याशिवाय फाइल बंद होत नाही.

शुक्रवारी दुपारी लॅपटॉपला खुर्चीत बसवलं. शाल पांघरली, झाकणाला कुंकू लावलं, पुढ्यात श्रीफळ ठेवलं. कार्यालयप्रमुख व्यंकटराव साहेब बोलायला उभे राहिले. तीस वर्षं ते प्रत्येक निरोपाला एकच भाषण करत आले होते. त्यातला शब्द न् शब्द खरा ठरावा असा प्रसंग मात्र आज पहिल्यांदाच आला होता.

"सहा वर्षांत एक रजा न्हाई. एकदा उशीर न्हाई. कोणाला उलटं बोलणं न्हाई," साहेबांनी लॅपटॉपकडे हात केला. "ह्यांच्या जाण्यानं जी पोकळी निर्माण होणार आहे..."

इथं ते थांबले. ही पोकळी भरून कोण काढणार, हा प्रश्न तीस वर्षांत त्यांना प्रथमच पडला. त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांवरून एकवार नजर फिरवली आणि टेबलावर मूठ आपटली.

"अर्ज नामंजूर!"

सवयीनं टाळ्या वाजल्या.

पुढचं सगळं नियमानं झालं. क्रमांक तीन सेवेत आहे, त्याअर्थी अभियान बंद होऊ शकत नाही. सबब ते पुन्हा सुरू झालं. क्रमांक एक आणि दोन घरी गेलेले, म्हणून सेवाज्येष्ठतेनं क्रमांक तीन प्रभारी अधिकारी झाले. अधिकाऱ्यानं मुख्यालयी राहणं बंधनकारक. पाचच्या आत आदेश निघाला आणि वैजनाथरावांच्या हाती रिकामी पिशवी राहिली.

"साहेब, सोमवारी पोरीची मुलाखत हाय हो," ते काकुळतीला आले.

"मग इथंच घेऊन या तिला. प्रभारी साहेब अभ्यागतांना अकरा ते एक भेटतात."

सोमवारी प्रतिक्षा प्रभारी अधिकाऱ्यांसमोर बसली. चाळीस मिनिटं ती न अडखळता बोलली. वैजनाथराव दाराबाहेर हात जोडून उभे होते, आणि पोरीचा आवाज ऐकून त्यांचा ऊर भरून येत होता. तिकडे पुण्याच्या पडद्यावर मात्र तिच्या चेहऱ्याखाली यंत्रानं आपलंच नाव लावलं होतं : 'प्रभारी अधिकारी. अनुभव सहा वर्षे.'

बुधवारी कंपनीचं पत्र आलं. प्रभारी अधिकारी यांची निवड झाली होती. त्यांच्या वतीनं बोलणाऱ्या बाईही चुणचुणीत वाटल्या, म्हणून त्यांना साहेबांच्या मदतनीस म्हणून नेमलं होतं. काम हिंगोलीतूनच : सकाळी दहाला झाकण उघडणे, दिवसभर साहेब मागतील ते भरणे, सायंकाळी चार्जिंगला लावणे.

"पोरी, हे बराबर न्हाई," वैजनाथराव कळवळून म्हणाले. "बोललीस तू, अन् लागलं ते!"

"बाबा, दोन खेपा तर तेवढंबी न्हाई झालं. नोकरी लागली ना? साहेब कोण का असंना!"

हसावं की रडावं ते वैजनाथरावांना कळेना. त्यांनी पेढे आणले. गावात प्रत्येकानं पेढा घेतला, पोरगी कुठं लागली ते विचारलं, पण कोणाच्या हाताखाली लागली ते एकानंही विचारलं नाही.

तुम्ही हसा खुशाल. फक्त आज सकाळी डोळे उघडल्यावर, चूळ भरायच्याही आधी, उशाशी हात घालून तुम्ही कोणापुढे हजर झालात, तेवढं आठवून हसा.